व्हॉल्युम डेटा पडद्यावर आणताना आणि हलका करताना: कामाचा योग्य क्रम

दर शनिवारी दुपारी माटुंग्याला माझ्याकडे व्हॉल्युम रेंडरिंग, म्हणजे सीटी स्कॅनसारख्या त्रिमितीय डेटाचे चित्र काढणे, शिकायला जी मंडळी येतात, त्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात, गोरेगाव-अंधेरीच्या स्टुडिओंत इफेक्ट्सचे काम करणारे असतात आणि परळच्या रुग्णालयांतले तंत्रज्ञही असतात. प्रत्येकाचा डेटा वेगळा, पण चुका त्याच. छाती चपटी दिसते, हाडाभोवती नसलेला पडदा दिसतो, बारीक रक्तवाहिन्या मधेच तुटतात, आणि डेटा हलका केला की सगळे चित्र फिकट पडते. यांतल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: लॅपटॉप अडखळतो म्हणून डेटा आल्या आल्या निम्मा केला जातो, आणि मोजमापे, आकड्यांचा अर्थ व रंग यांचा विचार त्यानंतर सुरू होतो. डेटा हलका करणे म्हणजे बहुतेक वेळा शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी घेणे. ज्या आकड्याचा अर्थ अजून ठरलेला नाही त्याची सरासरी घेतली, तर ती चूक पुढे शोधूनही सापडत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. उदाहरणे मुख्यतः सीटी स्कॅनची घेतली आहेत, कारण त्यात प्रत्येक आकड्याला ठरलेला अर्थ असतो आणि चूक लगेच ओळखता येते.

## तयारी

पहिल्यांदा कागदावर हिशेब करावा. ५१२ × ५१२ ठिपक्यांचे ६०० काप (स्कॅनमधली एकामागोमाग एक आडवी चित्रे) असतील आणि प्रत्येक व्हॉक्सेलला (त्रिमितीय डेटातल्या एका ठिपक्याला) दोन बाइट लागत असतील, तर डेटा बरोबर ३०० मेबीबाइट होतो. हा आकडा आजच्या साध्या ग्राफिक्स कार्डालाही जड नाही. अडचण येते ती प्रत्येक व्हॉक्सेलचा ग्रेडियंट (तिथे आकडा कोणत्या दिशेत किती झपाट्याने बदलतो ते) आधीच काढून शेजारी साठवला की. तिन्ही घटक त्याच प्रकारात ठेवले तर ३०० चे १,२०० होतात. तेव्हा 'डेटा फार मोठा आहे' असे म्हणण्याआधी मेमरी नेमकी कशाने भरते आहे ते पाहावे. ग्रेडियंट शेडरमध्येच (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्येच) काढला तर बहुतेकांना डेटा लहान करण्याची गरजच उरत नाही.

साधने म्हणून थ्रीडी स्लायसर, पॅराव्ह्यू आणि मेशलॅब पुरेशी आहेत; तिन्ही विनामूल्य मिळतात. स्वतःचा शेडर लिहीत असलात तरी थ्रीडी स्लायसर उघडा ठेवावा, कारण आपले चित्र ताडून पाहायला दुसरे एखादे चित्र हाताशी लागतेच.

सावधान: डायकॉम फाइलींमध्ये (वैद्यकीय स्कॅन याच प्रकारच्या फाइलींत मिळतात) रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि तपासणीचा क्रमांक असतो. ही माहिती काढल्याशिवाय फाइल पेनड्राइव्हवर घेऊ नये. डोक्याच्या स्कॅनमधून नाव काढणेही पुरेसे नसते, कारण त्वचेचा पृष्ठभाग रेंडर केला की चेहरा ओळखू येतो. सरावासाठी डोके वापरायचे असेल, तर चेहऱ्याचा भाग आधी पुसून घ्यावा.

## टप्पा १: काप लावणे आणि अंतरे मोजणे

काप फाइलच्या नावावरून लावू नयेत. नावांची अक्षरवार मांडणी झाली की '१०' हा '२' च्या आधी येतो, आणि काही यंत्रांच्या फाइलींच्या नावांत क्रमच नसतो. प्रत्येक फाइलीत 'इमेज पोझिशन पेशंट' हे क्षेत्र असते. त्यातून कापाची जागा घ्यावी, ती कापाच्या लंबदिशेवर मोजावी आणि त्यानुसार क्रम लावावा.

दोन कापांमधले अंतरही याच जागांच्या वजाबाकीतून काढावे, 'स्लाइस थिकनेस' या क्षेत्रातून नव्हे. जाडी आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परळच्या एका तपासणी केंद्रातून आलेल्या स्कॅनमध्ये कापाची जाडी १.२५ मिलिमीटर होती, पण प्रत्येक काप आधीच्या कापापासून ०.६२५ मिलिमीटरवर होता, म्हणजे काप एकमेकांवर निम्मे चढलेले होते. माझ्या प्रोग्रॅमने जाडी हेच अंतर मानले आणि कवटी दुप्पट उंच झाली. ती इतकी लांबट होती, म्हणून चूक दिसली. अंतर १ आणि जाडी १.२५ असती, तर वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक कोणाच्या लक्षातही आला नसता, आणि त्यावरून बेतलेले मोजमाप सरळ पुढे गेले असते.

'पिक्सेल स्पेसिंग' मधला पहिला आकडा ओळींमधले अंतर सांगतो, म्हणजे उभ्या दिशेतले. दुसरा आकडा आडव्या दिशेतला असतो. पायथनमध्ये काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की सिंपलआयटीके आकार एक्स-वाय-झेड या क्रमाने देते, पण त्यातून नमपायची सरणी काढली की तोच क्रम झेड-वाय-एक्स होतो. अंतरांची यादी मात्र आपोआप उलटत नाही.

तपासणी: सलग कापांमधली सगळी अंतरे छापून पाहावीत. ती सारखी नसतील तर मधला एखादा काप हरवलेला आहे किंवा दोन वेगळ्या मालिका मिसळल्या आहेत. असा डेटा पुढे नेऊ नये.

तपासणी: यकृत शरीराच्या उजव्या बाजूला आहे का, ते पाहावे. डायकॉमचे अक्ष रुग्णाच्या डावीकडे आणि पाठीकडे वाढतात, तर थ्रीडी स्लायसर आतून उजवीकडे आणि पुढे वाढणारे अक्ष वापरतो. एका साधनातून दुसऱ्यात जाताना दोनपैकी एकाच अक्षाचे चिन्ह बदलायचे विसरले की शरीर आरशातल्यासारखे उलटे होते, आणि नुसती कवटी पाहून ते कळत नाही.

## टप्पा २: आकड्यांना अर्थ देणे

फाइलीतला कच्चा आकडा 'रीस्केल स्लोप' ने गुणून त्यात 'रीस्केल इंटरसेप्ट' मिळवला की हौन्सफिल्ड एकक मिळते. या मापात पाणी ० आणि हवा उणे १००० असते. चरबी साधारण उणे १०० च्या आसपास, मऊ ऊती शून्याच्या थोड्या वर, आणि घट्ट हाड काही शेकड्यांपासून हजाराच्याही पुढे जाते.

इथली नेहमीची चूक आकड्याच्या प्रकाराची असते. कच्चा आकडा चिन्हरहित सोळा-बिटी असेल आणि प्रकार न बदलता त्यातून १०२४ वजा केले, तर शून्याचे उणे १०२४ न होता ६४,५१२ होतात. मग हवा हाडापेक्षा उजळ दिसते आणि रुग्ण पांढऱ्या ठोकळ्यात गाडला जातो. वजाबाकीच्या आधी प्रकार चिन्हसहित करावा.

याच टप्प्यावर जागा वाचवण्यासाठी आठ बिटांवर उतरण्याचा मोह होतो. बारा बिटांच्या ४,०९६ पायऱ्या २५६ मध्ये कोंबल्या, तर एका पायरीत १६ एकके बसतात. शेजारशेजारच्या मऊ अवयवांमधला फरक कित्येकदा एवढाच असतो, त्यामुळे तो पुसला जातो. आठ बिट वापरणे भागच असेल, तर आधी कामाचा पट्टा ठरवावा. उणे २०० ते ५०० एवढाच घेतला, तर एका पायरीत तीनपेक्षाही कमी एकके येतात. माझे मत विचाराल तर सोळा बिट सोडू नयेत.

तपासणी: शरीराबाहेरच्या हवेवर आणि एखाद्या मोठ्या हाडावर कर्सर ठेवून आकडे वाचावेत. हवा उणे हजाराच्या जवळ नसेल, तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ३: पूर्ण बारकाव्याचा छोटा तुकडा

चित्र लवकर दिसावे म्हणून संपूर्ण डेटा लहान करण्याऐवजी त्यातला एक तुकडा कापून घ्यावा आणि त्याचे बारकावे तसेच ठेवावेत. २५६ × २५६ × २५६ चा सोळा-बिटी तुकडा ३२ मेबीबाइटचा होतो आणि कोणत्याही यंत्रावर सहज फिरतो. तुकडा असा निवडावा की त्यात हाड, हवा आणि बारीक रक्तवाहिनी तिन्ही येतील. पुढे जे काही हलके केले जाईल, ते याच तुकड्याशी ताडून पाहायचे आहे, म्हणून हा तुकडा शेवटपर्यंत जपून ठेवावा.

## टप्पा ४: ट्रान्सफर फंक्शन आणि रे-कास्टिंग

रे-कास्टिंगमध्ये पडद्याच्या प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण डेटात सोडला जातो, त्यावर ठरावीक अंतराने आकडे वाचले जातात, आणि ट्रान्सफर फंक्शन प्रत्येक आकड्याला रंग व अपारदर्शकता देते. आकडा आधी शेजारच्या आठ व्हॉक्सेलांतून काढावा आणि त्यानंतर त्याला रंग द्यावा. उलटे केले, म्हणजे व्हॉक्सेलांना आधी रंग देऊन ते रंग एकमेकांत मिसळले, तर कडा धूसर होतात आणि जवळून पाहताना ठोकळे दिसू लागतात.

रंग पुढून मागे साठवावेत. आतापर्यंत साठलेली अपारदर्शकता एकातून वजा करावी, जे उरेल त्याने नव्या नमुन्याचा रंग आणि अपारदर्शकता गुणावी, आणि तो गुणाकार साठ्यात मिळवावा. यात नमुन्याचा रंग आधीच त्याच्या अपारदर्शकतेने गुणलेला असला पाहिजे. ही एक पायरी राहिली की विरळ भाग प्रमाणाबाहेर उजळ होतात. अपारदर्शकतेचा साठा ०.९८ च्या पुढे गेला की किरण तिथेच थांबवावा, कारण मागचे आता दिसणार नाही.

हाडाभोवती दिसणाऱ्या खोट्या पडद्याचे कारण इथे कळते. हाड १००० आणि हवा उणे १००० यांच्या मध्ये किरण आला की तिथला आकडा शून्याजवळचा निघतो, आणि शून्य म्हणजे पाणी. मऊ ऊतीसाठी ठरवलेला गुलाबी रंग त्या सीमेवर बसतो. नाकाच्या पोकळ्यांच्या भिंतींवर हा पातळ गुलाबी थर अगदी खऱ्या त्वचेसारखा दिसतो. उपाय असा की आकड्याबरोबर ग्रेडियंटची तीव्रताही पाहावी: आकडा मऊ ऊतीचा, पण ग्रेडियंट फार मोठा असेल, तर ती ऊती नसून सीमा आहे, आणि तिची अपारदर्शकता कमी करावी. ग्रेडियंट काढताना प्रत्येक दिशेतला फरक त्या दिशेच्या मिलिमीटरमधल्या अंतराने भागावा. तसे न केल्यास उजेड तिरका पडतो.

## टप्पा ५: पावलाची लांबी

किरणावरचे पाऊल, म्हणजे दोन नमुन्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये ठरवावे, व्हॉक्सेलमध्ये नव्हे. सर्वांत लहान अंतराच्या निम्मे पाऊल ही चांगली सुरुवात आहे.

अपारदर्शकता नेहमी एका ठरावीक पावलासाठी दिलेली असते. पाऊल बदलले की तीही बदलावी लागते: एकातून जुनी अपारदर्शकता वजा करावी, उरलेल्या आकड्याचा घातांक नवे पाऊल भागिले जुने पाऊल एवढा घ्यावा, आणि आलेले उत्तर पुन्हा एकातून वजा करावे. १ मिलिमीटरला ०.१ अपारदर्शकता असेल, तर अर्ध्या मिलिमीटरला ती ०.०५१ होते.

ही दुरुस्ती विसरली तर काय होते, ते आकड्यांतच पाहावे. १० मिलिमीटर जाडीच्या थरातून १ मिलिमीटरच्या पावलाने दहा नमुने घेतले, तर मागचा ३५ टक्के प्रकाश आरपार येतो. पाऊल अर्धे करून वीस नमुने घेतले आणि अपारदर्शकता तशीच ठेवली, तर १२ टक्केच येतो. पाऊल दुप्पट करून पाचच नमुने घेतले, तर ५९ टक्के येतो.

डेटा हलका केल्यावर चित्र फिकट पडण्याची तक्रार बहुतेक वेळा हीच असते. पाऊल 'अर्धा व्हॉक्सेल' असे लिहिलेले असते, डेटा निम्मा केल्यावर व्हॉक्सेल दुप्पट मोठा होतो, पाऊल नकळत दुप्पट होते आणि चित्र पारदर्शक होते. लोक मग ट्रान्सफर फंक्शन गडद करत बसतात. तिथे हात लावू नये, पाऊल सुधारावे.

तपासणी: पाऊल अर्धे करून दोन्ही चित्रे एकमेकांतून वजा करावीत. एकूण उजेड बदलला असेल तर दुरुस्ती चुकली आहे. लाकडाच्या रेषांसारखे पट्टे तेवढे कमी झाले असतील, तर दुरुस्ती बरोबर आहे आणि आधीचे पाऊल मोठे होते. त्यासाठी प्रत्येक किरणाची सुरुवात एका पावलाच्या आत यादृच्छिक सरकवली, तरी पट्टे मोडतात.

## टप्पा ६: डेटा हलका करणे

आता हलके करायला हरकत नाही. पहिला प्रश्न कोणत्या दिशेत, हा आहे. कापातले अंतर ०.७ आणि कापांमधले १.२५ मिलिमीटर असेल, तर तिन्ही दिशा निम्म्या करू नयेत. कापातल्या दोनच दिशा निम्म्या केल्या की अंतरे १.४, १.४ आणि १.२५ होतात, व्हॉक्सेल जवळजवळ घनाकार होतो आणि डेटा ३०० वरून ७५ मेबीबाइटवर येतो. मूळचीच विरळ असलेली दिशा आणखी विरळ केली, तर फासळ्यांना पायऱ्या पडतात.

दुसरा प्रश्न कसे, हा आहे. एक सोडून एक व्हॉक्सेल उचलणे सर्वांत वेगवान आणि सर्वांत वाईट. बारीक नक्षीचे खोटे पट्टे तयार होतात. आधी गॉसियन गाळणी (शेजारचे आकडे मिसळून चित्र मऊ करणारी) लावून मग निवडावे, किंवा किमान गटाची सरासरी घ्यावी.

पण सरासरीचीही किंमत असते. दोन-दोन-दोनच्या आठ व्हॉक्सेलांच्या गटातून एक व्हॉक्सेल जाडीची रक्तवाहिनी सरळ जाते असे समजू. तिने दोन व्हॉक्सेल व्यापले, वाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून दिलेल्या औषधामुळे त्यांचा आकडा ३०० आहे, आणि उरलेल्या सहांत उणे १०० ची चरबी आहे. बेरीज ६०० वजा ६००, म्हणजे शून्य. दिसणारी वाहिनी आणि तिच्या भोवतालची चरबी दोन्ही जाऊन तिथे पाणी आले, जे त्या जागी कधीच नव्हते. १५० च्या वर रंग देणारे ट्रान्सफर फंक्शन तिथे काहीच दाखवणार नाही. मूळ आकड्यांना रंग देऊन त्यांची सरासरी काढली असती, तर फिकट का होईना, वाहिनी दिसली असती. वाहिन्या तुटतात त्या इथे.

म्हणून प्रत्येक गटाच्या सरासरीबरोबर त्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडाही साठवावा. जिथे हा पल्ला मोठा असेल तिथे मूळ बारकावा राखावा. जिथे पल्ला लहान असेल, म्हणजे यकृताच्या आत किंवा बाहेरच्या हवेत, तिथे मनमोकळेपणाने हलके करावे. सरासरीऐवजी सगळीकडे सर्वांत मोठा आकडा घेणे हा मार्ग फक्त कमाल-तीव्रतेच्या चित्रासाठी (ज्यात किरणावरचा सर्वांत मोठा आकडाच दाखवतात) चालतो. साध्या रेंडरिंगमध्ये त्याने हाडे जाड होतात.

सावधान: अवयवांचे क्रमांक असलेल्या डेटाची सरासरी कधीही घेऊ नये. १ म्हणजे यकृत, २ म्हणजे मूत्रपिंड आणि ३ म्हणजे प्लीहा असेल, तर १ आणि ३ ची सरासरी २ येते आणि यकृत व प्लीहा यांच्या सीमेवर मूत्रपिंड उगवते. इथे गटातला बहुमताचा क्रमांक घ्यावा.

सावधान: लॉगरिदमिक मापातल्या आकड्यांचीही थेट सरासरी चालत नाही. कुलाब्याच्या डॉप्लर रडारसारख्या यंत्राचा पावसाचा डेटा डेसिबल झेड या मापात मिळतो. २० आणि ४० यांची सरासरी ३० नव्हे. दोन्ही आकडे साध्या मापात १०० आणि १०,००० होतात, त्यांची सरासरी ५,०५०, आणि ती परत डेसिबलमध्ये नेली की ३७ येते. जुलैतल्या मुसळधार ढगाचा गाभा ३० दाखवला, तर तो साधा पाऊस वाटेल.

एक चूक फार शांतपणे घडते. दोन व्हॉक्सेलांचा एक झाला की त्याचा मध्य जुन्या पहिल्या व्हॉक्सेलच्या मध्यावर राहत नाही, तो जुन्या अंतराच्या निम्म्याने सरकतो. डेटाचा मूळ बिंदू (पहिल्या व्हॉक्सेलच्या मध्याची जागा) तसाच ठेवला, तर ०.७ मिलिमीटरच्या डेटात एकदा निम्मे केल्यावर ०.३५ मिलिमीटर आणि तीनदा केल्यावर २.४५ मिलिमीटर चूक साठते. लांबून जड डेटा ऐवजी हलका डेटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कॅमेरा जवळ आला की अवयव किंचित उडी मारतो. ती उडी हीच.

तपासणी: टप्पा ३ मधला तुकडा आणि त्याच जागेचा हलका डेटा एकाच कॅमेऱ्यातून, मिलिमीटरमधल्या एकाच पावलाने रेंडर करावा आणि चित्रे आळीपाळीने दाखवावीत. डोळ्यांना हालचाल दिसता कामा नये.

## टप्पा ७: ब्रिक आणि रिकामी जागा

डेटा इतका करूनही मेमरीत बसत नसेल, तर त्याचे ब्रिक, म्हणजे छोटे ठोकळे, करावेत. शेजारच्या ब्रिकशी सांधा दिसू नये म्हणून प्रत्येक ब्रिकभोवती शेजाऱ्याच्या व्हॉक्सेलांची किनार ठेवावी लागते. शेडरमध्ये ग्रेडियंट काढत असाल तर दोन व्हॉक्सेलांची. ३२ च्या ब्रिकला दोन व्हॉक्सेलांची किनार दिली, तर ४२ टक्के जागा जादा लागते. ६४ च्या ब्रिकला तीच किनार २० टक्क्यांत भागते. म्हणून ६४ बरे.

ब्रिकचा किमान-कमाल पल्ला किनारीसकट काढावा. त्या पल्ल्यात ट्रान्सफर फंक्शनची अपारदर्शकता सगळीकडे शून्य असेल, तर किरणाने तो ब्रिक ओलांडून जावे. नुसते पल्ल्याच्या दोन टोकांशी तपासू नये, कारण मधल्या एखाद्या आकड्याला रंग असू शकतो. आणि ट्रान्सफर फंक्शन बदलले की ओलांडायच्या ब्रिकची यादी पुन्हा करावी. ती जुनीच राहिली तर चित्रात चौकोनी भोके पडतात.

## टप्पा ८: मेश हवीच असेल तर

त्रिमितीय छपाईसाठी किंवा गेम इंजिनसाठी त्रिकोणांची मेश लागते. पडद्यावर फक्त पाहायचे असेल, तर हा टप्पा गाळावा.

क्रम असा: उंबरठा (ज्या आकड्यावर पृष्ठभाग मानायचा तो) ठरवणे, सुटे कण टाकून सर्वांत मोठा जोडलेला भाग ठेवणे, मार्चिंग क्यूब्ज (उंबरठ्यावरच्या पृष्ठभागाचे त्रिकोण करणारी पद्धत) चालवणे, गुळगुळीत करणे, त्यानंतर त्रिकोण कमी करणे आणि शेवटी नॉर्मल (पृष्ठभागाच्या लंबदिशा) नव्याने काढणे. हाडासाठी ३०० च्या आसपास उंबरठा ठेवून सुरुवात करावी आणि कापांवर बाह्यरेषा टाकून तो हलवावा. त्रिकोण आधी कमी करून मग गुळगुळीत केले, तर पायऱ्यांचे कोपरेच आकार समजून जपले जातात. साध्या लाप्लेसियन पद्धतीने (प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकवून) मेश दरवेळी थोडी आक्रसते आणि दातांची टोके बोथट होतात. मेशलॅबमधली टॉबिन पद्धत फुगवण्याची उलटी पायरीही घेते, म्हणून ती वापरावी. त्रिकोण कमी करण्यासाठी क्वाड्रिक एरर पद्धत घ्यावी. ती सपाट भागातले त्रिकोण आधी काढते आणि वळणे राखते.

तपासणी: कमी केलेल्या मेशचे मूळ मेशपासूनचे कमाल अंतर मेशलॅबमध्ये हाउसडॉर्फ अंतर म्हणून मोजता येते. ते अर्ध्या व्हॉक्सेलच्या आत असावे. त्याहून वाढले तर त्रिकोण कमी करण्याची टक्केवारी मागे घ्यावी.

एसटीएल फाइलीत (मेश छपाईला याच प्रकारात पाठवतात) एकक लिहिलेले नसते. छपाईसाठी फाइल पाठवताना एका ओळखीच्या हाडाची लांबी मिलिमीटरमध्ये सोबत लिहून द्यावी, आणि छापून आलेल्या वस्तूवर तीच लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजून पाहावी.